खेमराजच्या गाडीची सोंड

चिचगडच्या बाजारात कोणालाही विचारा, खेमराज बिसेनची गाडी कोणती, तर तो बोट दाखवणार नाही. नाकापुढं हात लांब करून सोंड दाखवेल. गाडी म्हणजे जुनी पिकअप. कागदावर तिचा रंग पांढरा लिहिला आहे, डोळ्यांना काही तसं दिसत नाही. बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यातून करड्या रंगाचा एक जाड पाइप बाहेर निघतो आणि काचेच्या कडेच्या खांबाला धरून टपापर्यंत चढतो. नवखा माणूस विचारतो, हे काय म्हणून, आणि मग त्याच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत खेमराज समजावून सांगतो. हवा कुठून येते, कुठून जाते, गाडी कशी ओढते. सगळं सांगतो, पण त्या पाइपापायी काय गेलं आणि काय मिळालं ते मात्र तो गिळून टाकतो. ते सांगायला दुसरं कोणी लागतं.

खेमराज पोवारांच्या घरातला. वाटणीला आलेल्या दोन एकर बांध्या, म्हणजे धानाचे चिखलाचे तुकडे, आणि ही पिकअप, एवढाच त्याच्या संसाराचा आधार. बांध्या बायको चमेलीच्या ताब्यात आणि गाडी त्याच्या. लिहून ठेवलेलं नसलं तरी घरातली वाटणी अशीच. चमेलीला प्रत्येक धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत माहीत आणि ह्याला गाडीचा प्रत्येक नट. सिमेंट, पत्रे, मोहफुलं, लग्नाचं सामान, आमच्या इथल्या प्रतापगडच्या जत्रेची माणसं, जे मिळेल ते तो वाहायचा. माणूस मनाचा मोकळा, पण हट्टी असा की म्हशीनं हात टेकावेत. एकदा डोक्यात काही शिरलं की ब्रह्मदेव आला तरी त्याला बाहेर काढता येत नसे.

पाइप लागण्याआधी गाडीला दम लागत होता. प्रतापगडकडून येताना जंगलात एक चढ आहे, तीन मोहांचा चढ म्हणतात त्याला. भरली गाडी तिथं आली की काळा धूर सोडायची, पहिल्या गिअरवर कण्हायची आणि अर्ध्यात थांबायची. गाववाले म्हणायचे, खेमराजची गाडी तमाखू मळायला थांबते. तो हसायचा, पण त्याला ते लागायचं. देवरीच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं आणि सांगितलं, "इंजिन बेस हाय गा. हिले हवाच भेटून नाही राह्यली." हवेचा डबा फुटला होता, त्याचं तोंड इंजिनच्या अंगाला लागून होतं आणि तिथली तापलेली, धुळीची हवा गाडी ओढत होती. त्या जुन्या मॉडेलचा डबा मिळणं मुश्किल.

आता दुसरा कोणी असता तर भंगारातून एखादा डबा शोधून बसवला असता आणि गप्प राहिला असता. पण ह्याच्या हातात फोन होता. फोनवर कुठल्याशा दूरदेशची पोरं पिकअपला मोठाले पाइप बसवून उड्या मारत होती. थंड हवा, मोकळी हवा, जास्त ताकद. भाषेचं एक अक्षर कळलं नाही, पण पाइप कळला. खेमराजनं तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की चमेली म्हणाली, "त्या पाइपाशीच लगन लावा जी आता."

जूनचा शेवट होता. दोन चांगले पाऊस होऊन गेले होते. चमेलीनं पऱ्हे टाकले होते, म्हणजे रोवणीसाठी धानाची रोपं एका वाफ्यात दाट पेरली होती. ती बोटभर वर आली, लुसलुशीत हिरवी. त्यांना बोअरवेलचं पाणी मिळावं म्हणून धुऱ्याच्या कडेनं एक पाइप टाकलेला होता. नेमकी तेव्हाच चमेलीची भावजय बाळंत झाली आणि चमेली माहेरी गेली. जाताना दारातून दोनदा मागं वळून म्हणाली, "पाऊस नाही आला तं मोटर लावाल, पऱ्हे सुकू देऊ नोका." खेमराज म्हणाला, "हाव हाव, तू जाय बिनघोर."

मग तो गाडीच्या कामाला लागला. मोठा फिल्टर जुन्या ट्रॅक्टरचा मिळाला. तो बसवायला दुधाचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, डबा मिळाला. पाइप मात्र मनासारखा मिळेना. दुकानातला एक पातळ, दुसरा अरुंद. असा डोक्याला हात लावून धुऱ्यावर बसला होता आणि पायाखाली पाहतो तो काय, हवा तसा पाइप. जाड, गुळगुळीत, बरोबर मापाचा. आभाळ भरून आलेलं होतं. पाऊस तं लागला आता, याले काय काम, असं म्हणून त्यानं करवत आणली आणि मधला तुकडा कापून नेला. दोन टोकं एकमेकांकडं तोंड करून पडून राहिली. उद्या देवरीहून दुसरा तुकडा आणून जोडू म्हणाला. ज्याला उद्या सापडला असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

काम मात्र त्यानं मन लावून केलं, ते नाकारता येणार नाही. पाइपात गरम रेती भरली, तो मऊ पडल्यावर मांडीवर ओलं पोतं घेऊन हळूहळू वाकवला. बाजूच्या पत्र्याला छिन्नीनं गोल भोक पाडलं आणि काठ कानशीनं घासून त्याला जुन्या ट्यूबचं रबर लावलं, पाइप घासू नये म्हणून. आत फिल्टरचा डबा बॅटरीच्या बाजूला पट्टीनं आवळला. इंजिनची ऊब लागू नये म्हणून मधे एक पत्रा उभा केला. सांधे सगळे क्लिपांनी कसले आणि प्रत्येक सांध्यावर उदबत्तीचा धूर धरून पाहिला, कुठून चोरून हवा ओढते का ते. पाइपाचं तोंड टपाच्या वर, धूळ पोचत नाही तिथं नेलं. आणि शेवटी, कोंडा-किडा काही आत जाऊ नये म्हणून, चमेलीच्या जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून त्या तोंडावर घट्ट बांधला. मडक्यावर बांधतात तसा.

पहिल्यांदा चढावर सिमेंट भरून नेलं तेव्हा गाडी तिसऱ्या गिअरवर मोहांच्या झाडांपर्यंत गेली. न थांबता, न कण्हता. वर गेल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून एकटाच हसत राहिला. पन्नाशीच्या माणसाला असं हसताना पाहून समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं सायकल थोडी लांबून काढली.

त्यानंतर खेमराजचे पाय जमिनीवर नव्हते. बाजारात, तलावाच्या पाळीवर, चहाच्या टपरीवर, सोंड दाखवण्यात त्याचे दिवस गेले. भाडीही वाढली, कारण गाडी आता चढावर थांबत नव्हती. आणि इकडं पाऊस दडी मारून बसला. आलेले ढग तसेच पुढं गेले. रोज कडक ऊन पडायचं आणि रोज खेमराज म्हणायचा, आज येते बहुतेक.

चमेली माहेरून आली ती घरी न जाता बसमधून उतरून सरळ बांधीवर गेली. धानवाली बाई असंच करते. खेमराज गाडी धूत होता तिथं ती परत आली. पिशवी हातातच होती.

"काऊन जी, पऱ्ह्याले पाणी काऊन नाही सोडलं?"

"पाऊस येऊन राह्यला होता ना."

"पाइपाचा तुकडा कुठी हाय?"

खेमराजची नजर गाडीकडं गेली, तिची नजर त्याच्या नजरेमागून गेली आणि टपावर जाऊन थांबली. तिथं तिच्या साडीचा तुकडाही तिला दिसला. ती ओरडली नाही, रडली नाही. पिशवी खाली ठेवून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "सगळे जळले. हातात घेतले तं चुरा होते." त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर खेमराजला बरं वाटलं असतं.

ज्यांनी धान पिकवलं नाही त्यांना सांगतो. पऱ्हे नाहीत म्हणजे रोवणी नाही. नवे टाकावे तर ते रोवायजोगे होईपर्यंत महिना निघून जातो आणि मग लोंबीत दाणा भरत नाही. दोन्ही एकर पडीत. वर्षाचा तांदूळ गेला, बैलांची तणीस गेली, पुढचं बियाणं गेलं. धानाच्या मुलखात तांदूळ विकत आणून शिजवायचा, आणि तोही दुष्काळ पडला म्हणून नाही, नवऱ्यानं गाडीला नाक लावलं म्हणून. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं नाकच घरापेक्षा जड झालं.

एकच वाट होती. आमच्याकडं पऱ्हे विकत नाहीत. ज्याचे उरले तो ज्याचे मेले त्याला देतो, पैसे घेत नाही. घेणाऱ्यानं बाया घेऊन यायचं, स्वतः उपटायचे आणि न्यायचे. पण ही रीत चांगल्या सालची. त्या वर्षी पावसानं सगळ्यांचेच हाल केले होते. खेमराज दारोदार फिरला. कोणी म्हणालं, आमचेच कमी पडून राह्यले. कोणी म्हणालं, "सोंडेनं पाणी देऊन पाह्यलं असतं गा." तो ऐकून घ्यायचा. तोंड उघडायला जागा होती कुठं? चमेलीनं बचत गटातल्या बायांना फोन लावले, त्यांनी त्यांच्या माहेरी लावले, माहेरच्यांनी आणखी कुठं. रोज संध्याकाळी ती फोन उशाजवळ न ठेवता मांडीवर घेऊन बसायची.

आणि एका सकाळी अनोळखी आवाज आला. "बकाराम बोलून राह्यलो जी, प्रतापगडच्या पायथ्याचा. तुमाले पऱ्हे पाह्यजे म्हणे?"

खेमराजनं फोन चमेलीच्या हातात दिला. बकारामच्या गावाला जुना मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळचा तलाव होता, त्याच्या पाण्यावर त्याचे पऱ्हे तरले होते, थोडे उरतील एवढे. पण उद्या सकाळी त्याच्या वाफ्यातच चिखलणीला ट्रॅक्टर लागणार होता. या दिवसांत ट्रॅक्टरची पाळी सोडली की आठवडा जातो. "आजच न्या," तो म्हणाला. "उद्या राह्यचे नाहीत."

गावातल्या बाया आपापल्या कामावर निघून गेल्या होत्या. हे दोघंच निघाले. तीन मोहांचा चढ आता रिकाम्या गाडीनं उतरायचा आणि परत येताना भरल्या गाडीनं चढायचा होता. ओले पऱ्हे सिमेंटपेक्षा वाईट. मुळांना चिखल, चिखलात पाणी. गाडी अर्ध्यात थांबली आणि पऱ्हे गरम होऊन सडले तर परत मागायला तोंड नव्हतं. वाटेत चमेली एकदाच म्हणाली, "आज तरी चढन ना हे?" खेमराज म्हणाला, "चढन." आणि मनात म्हणाला, चढ माय.

बकाराम सुक्या अंगाचा, कमी बोलणारा कास्तकार निघाला. बोलण्याचं काम त्याची बायको धुरपता करायची, दोघांच्या वाट्याचं. हे दोघं उतरले तर वाफ्यात आधीच आठ-दहा बाया वाकून पऱ्हे उपटत होत्या. धुरपताबाईनं सकाळीच शेजारपाजाऱ्यांना हाक मारली होती. त्यातल्या कित्येकींना त्यांच्या घरची रोवणी होती, तरी थोडा वेळ हात लावून जायच्या आणि दुसऱ्या यायच्या. चमेलीनं पदर खोचला आणि त्यांच्यात शिरली. मुठी भरायच्या, मुळं पाण्यात आपटून धुवायची, काडीनं बांधून पेंढी फेकायची. खेमराज पेंढ्या कावडीनं गाडीपर्यंत नेत होता. गाडीचा हौदा भरत गेला, हिरवागार.

मधेच धुरपताबाईनं पाठ सरळ केली आणि गाडीकडं पाहून विचारलं, "हे काय जी लावलं टपावर?"

चमेली म्हणाली, "त्यानंच तं आमचे पऱ्हे खाल्ले." आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग सगळी गोष्ट तिनंच सांगितली, नवऱ्याची यथेच्छ बेइज्जती करत, आणि बाया पोट धरून हसल्या. खेमराजलाही हसू आलं. आपल्या फजितीवर परक्या शेतात उभं राहून हसताना त्याच्या छातीवरचं ओझं थोडं हललं.

"दोन एकराले पुरतीन का एवढे?" बकारामनं गाडीजवळ येऊन विचारलं. खेमराज संकोचला. "थोडे कमी पडतीन वाटते." बकारामनं वाफ्याकडं पाहिलं, काय ते मनात मोजलं आणि म्हणाला, "उपटा मंग आणखी."

निघताना धुरपताबाईनं जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात आणि वरून वरण घातलं, फडक्यात बांधून दिलं आणि म्हणाली, वाटेत खा, भांडं कधीही आणा. खेमराजनं खिशात हात घातला तर बकारामनं त्याचा हात तिथंच धरला. "पऱ्ह्याचे पैसे घेत नाहीत, भाऊ."

आणि मग पाऊस आला. ज्याची एवढे दिवस वाट पाहिली तोच, अगदी नको त्या वेळी. जंगलात शिरले तोपर्यंत समोरचं दिसेना. चढाच्या पायथ्याशी खेमराजनं दुसरा गिअर टाकला. गाडी निघाली, थोडी चढली आणि तिचा आवाज बदलला. मागं काळा धूर. पहिला गिअर. ती कण्हायला लागली, तेच जुनं कण्हणं. आणि चढाच्या मध्यावर थांबली.

खेमराजनं हँडब्रेक ओढला, उतरून चाकांना दगड लावले आणि पावसात उभा राहिला. बॉनेट उघडून क्लिपा चाचपल्या. सगळ्या घट्ट होत्या. डबा पाहिला, ठीक होता. पुन्हा चालू केली तर सुरू झाली, पण ओढीना. पऱ्हे ह्या पाइपापायी गेले, आता परक्याचे आणलेलेही ह्याच पाइपापायी जाणार. "मी काय केलं व हे," तो म्हणाला. चमेलीनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

ती खाली उतरली. गाडी चालू होती. तिनं वर पाहिलं आणि पाहतच राहिली. पाइपाच्या तोंडावरचा तो साडीचा तुकडा ओला चिंब होऊन आत ओढला गेला होता, खोल, गालाला खळगा पडावा तसा.

"हा कपडा ओला झाला ना जी," ती म्हणाली.

"मंग?"

तिनं आपला ओला पदर उचलला आणि नवऱ्याच्या नाका-तोंडावर दाबला. "घ्या श्वास."

खेमराजनं घेऊन पाहिला. जमेना. सुती कपडा भिजला की फुगतो आणि हवा सोडत नाही, हे तिला रोजच्या कामातलं. त्यानं उन्हात बांधला, उन्हात तपासला आणि पाऊस हे काय असतं ते पाऊसपाण्याच्या धान-मुलखातला हा माणूस विसरला. तिचा पदर बाजूला करून तो टपावर चढला आणि कपडा ओढून काढला. गाडीनं एकदम श्वास घेतला. तो आवाज ऐकून दोघांच्याही जिवात जीव आला.

पण उघड्या तोंडात पाऊस सरळ पडत होता. पाणी फिल्टरवर गेलं की खेळ खलास. वर काहीतरी झाकण हवं, आणि ते हवा अडवणारं नको. चमेलीनं कॅबिनमधून धुरपताबाईचा गंज आणला. त्यातला भात दोघांनी तिथंच, पावसात, उभ्या-उभ्या खाल्ला. भूक लागली होती म्हणा, किंवा फेकायचं मन होईना म्हणा. खेमराजनं पाइपाच्या काठावर सागाच्या तीन काड्या दोरीनं बांधल्या, त्यांवर गंज पालथा घातला आणि आवळला. पाणी गंजावरून घरंगळे आणि हवा खालून जाई. खेमराजनं क्लच सोडला. गाडी गुरगुरली आणि चढली. मोहांची झाडं मागं पडली तेव्हा त्यानं स्टिअरिंगला कपाळ टेकवून नमस्कार केला. चमेली म्हणाली, "समोर पाहा."

दुसऱ्या दिवशीपासून रोवणी लागली. चार दिवसांपूर्वी टोमणे मारणारेच बैल घेऊन चिखलणीला आले. बाया ओळीनं वाकल्या, गाणी म्हटली, आणि दोन्ही एकर हिरव्या काड्यांनी भरून गेले. शेवटच्या दिवशी चमेलीनं बायांना बोजारा दिला, रोवणी संपल्याचं जेवण. खेमराज वाढायला होता. प्रत्येक पानाशी वाकताना त्याला बकारामचा तो हात आठवायचा, खिशावर धरलेला. ज्या माणसानं आपलं तोंड कधी पाहिलं नाही त्यानं आपलं घर वाचवलं. त्याला काय द्यावं, कसं द्यावं, हे त्याला उमजेना, आणि त्या कृतज्ञतेनं त्याला नीट झोप लागेना.

पंधरवड्यानं दोघं गंज परत द्यायला गेले. पाइपावर तोवर खेमराजनं पत्र्याची टोपी बसवली होती. सोबत घरचे पोहे, आणि पायाला दोरी बांधलेला एक कोंबडा. पैसे चालत नाहीत, कोंबडा चालतो, हा चमेलीचा हिशोब. धुरपताबाईनं कोंबडा हातात घेऊन तोलून पाहिला आणि म्हणाली, हा चालते. मग ती चमेलीला रोवणी दाखवायला बांधीकडं घेऊन गेली. खेमराज मागून निघाला.

धान छान लागलं होतं. एकामागं एक बांध्या हिरव्या. आणि सर्वांत खालची एक बांधी रिकामी. चिखलणी केलेली, पाणी भरलेलं, पण एक काडी नाही.

"हे काऊन राह्यली व?" चमेलीनं विचारलं.

"राह्यली," धुरपताबाई म्हणाली आणि चालू लागली. चमेली हलली नाही. तेव्हा ती वळली. "पऱ्हे पुरले नाहीत तेवढे."

"आमच्यापायी?"

नेहमी दोघांच्या वाट्याचं बोलणारी ती बाई वाकून धुऱ्यावरचं गवत उपटू लागली. मग म्हणाली, "तुमी उपटून राह्यले होते तवाच ह्याईनं पाह्यलं, आपल्याले कमी पडतीन म्हणून. मी म्हटलं, सांगू का त्याईले, आता बस करा म्हणून. तं म्हणे, एका बांधीनं आपण उपाशी मरत नाही. त्याईची पूर्ण शेती पडीत राहीन."

खेमराज खाली बसला, धुऱ्यावरच. आणखी पाहिजे असं तोच म्हणाला होता, आणि बकाराम उपटा म्हणाला होता, आपल्या नेहमीच्याच आवाजात.

परत येताना चमेली चढाच्या माथ्यावर म्हणाली, "सकाळी आपल्या बांधीत उतरा." त्यानं कायले असं विचारलं नाही. पहाटेच दोघं आपल्या रोवलेल्या धानात उतरले. दाट लागलेल्या ठोंबातून एक काडी, पुढच्यातून एक काडी, मूळ न तोडता, हळूच. शेजारच्या बायांनी विचारलं, काय चाललं, आणि ऐकल्यावर त्यांनीही आपापल्या धुऱ्याजवळून काढून दिल्या. पेंढ्या बांधून गाडीत भरल्या आणि ऊन चढायच्या आत गाडी प्रतापगडच्या पायथ्याशी उभी राहिली.

बकारामनं हौद्यात वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा कडक झाला. "दिलेले पऱ्हे वापस घ्याची रीत नाही आमच्यात. घेऊन जा."

"वापस कोण देऊन राह्यलं जी?" चमेली म्हणाली. "मी रोवाले आली." तिनं पदर खोचला, एक पेंढी उचलली आणि रिकाम्या बांधीत उतरली. रोवाले आलेल्या बाईला धुऱ्यावरून हाकलायची रीतही त्यांच्यात नव्हती.

पुरुष आमच्याकडं रोवत नाहीत. पऱ्हे वाहायचे, चिखलणी करायची, पण काडी लावायची ती बाईनं. खेमराजनं पँट गुडघ्यावर केली आणि चमेलीच्या शेजारी जाऊन वाकला. त्याची ओळ वाकडीतिकडी गेली. धुरपताबाई त्याच्या मागून त्या काड्या सरळ करत आली. बकाराम बराच वेळ धुऱ्यावर उभा होता. मग त्यानं धोतर वर खोचलं आणि तोही उतरला.

दुपारपर्यंत त्या बांधीत रिकामी जागा राहिली नाही.